गुहेतल्या कॅम्पवर दुसऱ्या रात्री स्लीपिंग बॅग ओली होते : कारणं आणि उपाय

तक्रार दरवेळी जवळजवळ त्याच शब्दांत येते. पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री पाय काही केल्या गरम होईनात, पहाटे हुडहुडी भरली, बॅगेवरून हात फिरवला तर ती दमट लागली. तिसऱ्या दिवशी अंगात त्राण उरलं नाही, म्हणून ठरवलेला भाग न बघताच वर आलो. आणि शेवटी प्रश्न : यापेक्षा उबदार बॅग कोणती घ्यावी?

नवी बॅग घेऊ नका, निदान आधी नको. बहुतेक वेळा बॅगेत खोट नसते. पाणी आत शिरलेलं असतं, आणि ते कुठून शिरलं हे शोधायला कोणी थांबत नाही. मग पुढच्या खेपेला दुप्पट किमतीची बॅगही दुसऱ्या रात्री तशीच ओली होते.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मराठी मंडळी इथल्या केव्हिंग क्लबांत, म्हणजे गुहांत उतरून हिंडणाऱ्यांच्या क्लबांत, जायला लागली की हा प्रश्न हमखास निघतो. त्यांची सॅक भरायची सवय सह्याद्रीत घडलेली असते. भर पावसात राजगड चढायचा, पद्मावतीच्या देवळात मुक्काम टाकायचा, ओले कपडे दोरीवर टाकायचे आणि सकाळी जरा उघडीप मिळाली की कातळावर पसरायचे. नाहीच वाळले तर ओल्या अंगाने उतरायचं, कारण चार तासांत आपण पायथ्याच्या गावात चहा पीत असतो. भिजलं तरी वाळेल, हे या सगळ्यात गृहीत धरलेलं असतं. जमिनीखाली नेमकं तेच गृहीत खोटं ठरतं.

तिथे काहीच वाळत नाही

गुहेत खोलवर तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. ते साधारण त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाइतकं असतं. म्हणून दक्षिण वेल्समधल्या गुहांत आठ-नऊ अंश, आल्प्सच्या उंच पठारांखाली पाच-सहा किंवा त्याहूनही कमी, तर न्यू मेक्सिकोतल्या लेचुगिया गुहेत 20 अंश. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा युरोपातल्या गुहांपेक्षा उबदार लागतात, त्याचंही कारण हेच. आर्द्रता मात्र बहुतेक सगळीकडे 100 टक्क्यांच्या आसपास असते. पाच अंशांची हवा घनमीटरला जेमतेम 7 ग्रॅम बाष्प धरू शकते आणि गुहेतल्या हवेत ते आधीच भरलेलं असतं. तुमच्या मोज्यातलं पाणी घ्यायला तिच्यात जागाच नसते.

त्यामुळे कपडे वाळवायचं एकच साधन उरतं, ते म्हणजे तुमचं अंग. त्याचा हिशेब करून बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 580 किलोकॅलरी लागतात. झऱ्यातून रांगत आलेल्या फ्लीसच्या सूटमध्ये एवढं पाणी सहज मुरलेलं असतं. तो सूट घालून तुम्ही बॅगेत शिरलात, तर रात्रीचं अख्खं जेवण कपडे वाळवण्यात खर्च होणार. शिवाय ती वाफ नाहीशी होत नाही. ती बॅगेच्या थंड बाहेरच्या थरात जाऊन पुन्हा पाणी होते. सकाळी सूट बराच कोरडा वाटतो, कारण त्यातलं पाणी आता बॅगेत असतं.

पहिली रात्र बरी जाते आणि दुसरी बिघडते ती यामुळे. पाणी एकदम येत नाही, साठत जातं.

ओल नेमकी कुठे आहे, ते आधी बघा

सकाळी उठल्यावर बॅग कोंबायच्या आधी दोन मिनिटं द्या. नुसत्या बोटांवर भरवसा ठेवू नका, कारण गार कापड आणि ओलं कापड गारठलेल्या बोटांना सारखंच लागतं. कोरडा टिश्यू पेपर घ्या आणि बॅगेवर एकेका जागी तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. मानेपाशी, छातीवर, कमरेखाली, पायाच्या टोकाला, आतून आणि बाहेरून. कागद गडद झाला तर ओल आहे, नाही तर ती जागा नुसती गार आहे. ओल कुठे आहे त्यावरून कारण बऱ्यापैकी अचूक कळतं.

बॅग पहिल्यांदा उघडली तेव्हाच एखाद्या बाजूला चिंब पट्टा होता, तर ते प्रवासात शिरलेलं पाणी. दोष पॅकिंगचा. ओल फक्त तोंडाजवळ आणि मानेभोवती असेल तर तुम्ही डोकं आत घेऊन श्वास सोडत होतात. बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखा दमटपणा असेल तर ते अंगाचं आणि अंगावरच्या कपड्यांचं बाष्प. कमरेखाली आणि खांद्याखाली ओल असेल तर जमीन. वरच्या बाजूला सुटे ठिपके असतील तर छतातून थेंब पडत होते. फक्त पायाच्या टोकाला ओल असेल तर तीन शक्यता असतात : टोक मॅटच्या बाहेर गेलं होतं, ते भिंतीला टेकलं होतं, किंवा शेकायला घेतलेली गरम पाण्याची बाटली गळत होती.

दोन-तीन कारणं एकत्रही असतात. पण त्यातलं मोठं कोणतं ते ओळखून आधी तेच हाताळा.

पॅकिंग : बहुतेक भांडण इथेच जिंकायचं असतं

दोरावर उतरताना सामान ज्या लांबट, जाड पीव्हीसीच्या बॅगेत असतं ती टॅकल बॅग. ती हार्नेसला, म्हणजे दोराला जोडायच्या कमरेच्या पट्ट्याला, बांधून खाली लोंबती ठेवतात आणि ती धबधब्यातून, चिखलातून, खडकांवर आपटत जाते. ती मजबूत असते, पण जलरोधक मुळीच नसते. उलट आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून तिच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. हे न कळल्यामुळे कितीतरी जण कपडे नुसत्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळून तिच्यात टाकतात.

आत दोन थर हवेतच. आतला थर जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंड पिळून दुमडून रबरबँड लावलेली. बाहेरचा थर गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ड्राय बॅगा शिंतोड्यांसाठी आणि क्षणभर बुडण्यासाठी असतात, पाण्यातून अर्धा तास ओढत नेण्यासाठी नसतात. तोंडाच्या किमान तीन घड्या बसल्या पाहिजेत, आणि बॅग गळ्यापर्यंत ठासून भरली तर त्या बसतच नाहीत. म्हणून सामानाच्या मानाने एक माप मोठी बॅग घ्या. घड्या घालण्याआधी तोंडाची पट्टी पुसा. वाळूचा एक कण घडीत राहिला तरी पाण्याला वाट मिळते.

गळती बहुधा तोंडातून होत नाही, मधल्या भागातून होते, आणि ती लक्षात येत नाही. स्टोव्हचा पाय, गॅसच्या डब्याची कड, चमच्याचं टोक आतून ड्राय बॅगेवर घासत राहतं, बाहेरून खडक घासत असतो आणि मध्ये कापड भरडलं जातं. यावर साधा उपाय आहे. फोमची मॅट गुंडाळून बाहेर लटकवू नका. ती टॅकल बॅगेच्या आत नळीसारखी उभी उलगडा आणि मधल्या पोकळीत ड्राय बॅग सोडा. फोम चारही बाजूंनी मार खातो, मॅटही फाटत नाही. टणक सामान दुसऱ्या बॅगेत ठेवा. एकाच बॅगेत न्यावंच लागलं तर सगळ्यात खाली, मोज्यांत गुंडाळून.

स्लीपिंग बॅग आणि कॅम्पचे कपडे एकाच पिशवीत कधीच ठेवू नका. एक पिशवी फुटली तरी दुसरी कोरडी राहिली पाहिजे. कोरडे थर्मल आणि ओली बॅग यात रात्र निघते, ओले थर्मल आणि कोरडी बॅग यातही निघते. दोन्ही ओलं झालं तर निघत नाही.

आता ड्रमविषयी. दक्षिण वेल्समधल्या ओगोव डॅरेन किलाय या गुहेत शिरायचं तर सुरुवातीलाच जवळपास अर्धा किलोमीटर रांगत, सरपटत, बराचसा पाण्यातून जावं लागतं. त्याच्या पुष्कळ पुढे हार्ड रॉक कॅफे नावाचा नेहमीचा कॅम्प आहे. त्या वाटेने सामान कोरडं न्यायला रुंद तोंडाचे, फिरकीच्या झाकणाचे प्लॅस्टिकचे ड्रम वापरात आले आणि ब्रिटिश केव्हर आजही त्यांना डॅरेन ड्रमच म्हणतात. सहा लिटरचा ड्रम टॅकल बॅगेत नीट बसतो. कॅमेरा, प्रथमोपचार, काडेपेटी, टिश्यू, सुटे सेल, कानटोपी आणि एक जोड मोजे यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही.

ड्रम फसतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे झाकणाच्या आट्यांत आणि रबरी कडीखाली अडकलेला चिखल. उघडताना हात पुसायला एक कापड ड्रमच्या बाहेर, सहज हाताला लागेल असं हवं. दुसरं कारण हवेच्या दाबाचं आहे. घरात वीस अंशांना घट्ट बंद केलेला ड्रम पाच अंशांत गेला की आतला दाब सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. त्यात खोल जाऊ तसा बाहेरचा दाब वाढतो, हजार मीटर खोलीला साधारण बारा टक्क्यांनी. म्हणजे खाली पोहोचेपर्यंत ड्रम आत ओढला जात असतो. अशा ड्रमची कडी जरा जरी सैल असली, तर तो डबक्यात बुडताच पाणी शोषून घेतो. झाकण उघडत नाही म्हणून लोक वैतागतात तेही यामुळेच. खोल गुहेत जाताना वाटेतल्या एखाद्या कोरड्या टप्प्यावर ड्रम एकदा उघडा, आतबाहेरचा दाब सारखा होऊ द्या, कडी पुसा आणि पुन्हा बंद करा.

आणि जायच्या आधी घरी परीक्षा घ्या. ड्राय बॅग किंवा ड्रममध्ये टिश्यू पेपर भरा, सोबत एखादं वजन टाका, नेहमीसारखं बंद करा आणि बाथटबात किंवा पिंपात पंधरा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा. ड्राय बॅग पाण्याखाली दाबून मुरगळा, कारण प्रवासात तिला तेच सोसायचं असतं. बाहेर काढून वरून पूर्ण पुसा आणि मगच उघडा, नाहीतर तोंडावरचं पाणी आत पडून निकाल चुकतो. एकही कागद ओला निघाला तर ती बॅग कोरड्या सामानासाठी बाद. नवी बॅगही या परीक्षेतून सुटत नाही.

बॅगेतलं भरण कशाचं, हा प्रश्न इथेच संपवतो. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण ओली झाली की पिसं चिकटून गोळा होतात आणि ऊब जाते. कृत्रिम तंतूंची बॅग जड आणि आकाराने मोठी असली तरी दमट अवस्थेतही बरीचशी ऊब धरून ठेवते. गुहेसाठी कृत्रिमच घ्या.

पोहोचल्यावरचा पहिला तास

कॅम्पवर पोचल्यावर सगळे दमलेले आणि भिजलेले असतात. हाताला पहिली लागते स्लीपिंग बॅग, आणि ती पसरून त्यावरच बसून बूट काढले जातात. अर्धी ओल इथे येते.

बॅग सगळ्यात शेवटी काढायची. आधी कॅम्पचे दोन भाग ठरवा, ओला आणि कोरडा, आणि मध्ये दोरी किंवा दगडांची ओळ टाका. बूट, ओव्हरसूट, हार्नेस, दोर ओळीच्या पलीकडे. पहिल्यांदा ओलं हेल्मेट उतरवून कानटोपी घाला, कपडे बदलायच्या आधीच. मग स्टोव्ह पेटवा. पाणी तापेपर्यंत अंगावर ओले कपडे असू द्या, कारण तेवढा वेळ हालचाल चालू असते आणि अंग गरम असतं. गरम सूप किंवा गोड चहा पोटात गेल्यावर कपडे बदला. ओला सूट काढा, छोट्या पंचाने अंग कोरडं पुसा, विशेषतः पाय आणि पायाच्या बोटांमधल्या फटी, थोडी पायाची पावडर लावा, आणि कोरडे थर्मल, लोकरी मोजे, फ्लीस चढवा. दिवसभर ओल्या मोज्यांत राहिलेले पाय पांढरे आणि सुरकुतलेले झालेले असतात. ते रात्रभर कोरडे राहिले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटायला लागते आणि चालणं मुश्कील होतं.

नीट जेवा, आणि जेवणात स्निग्ध पदार्थ असू द्या. इथली मंडळी चीज आणि सलामी नेतात. आपल्याकडचं तूप घातलेलं मेतकूट-भात किंवा दाण्याची चिक्की याच कामाला उत्तम, आणि वजनाच्या मानाने ऊर्जा भरपूर. शाकाहारी मंडळींनी वाळवलेली खिचडी घरून करून नेली तर पाणी घालून दहा मिनिटांत होते.

ओला सूट रात्री कुठे ठेवायचा यावर प्रत्येक क्लबात वाद आहे. काही जण तो अंगावर वाळवतात, काही जण बॅगेत पायाशी घेतात. माझं मत पक्कं आहे : बॅगेत ओलं काहीही न्यायचं नाही, ओला मोजासुद्धा नाही. सूट पिळा, हवेची झुळूक लागेल अशा जागी टांगा, आणि सकाळी थंड आणि दमट घालायची तयारी ठेवा. ती पाच मिनिटं फार वाईट असतात. पण चालायला लागलं की सूट अंगाच्या उबेने गरम होतो, आणि तुमची बॅग दुसऱ्या रात्रीसाठी कोरडी असते. कॅम्पचे कपडे घालून गुहेत फिरायला जाण्याचा मोह सकाळी फार होतो. त्याला बळी पडू नका, कोरडा जोड फक्त झोपेसाठी.

अंगाचं बाष्प

माणूस घाम न येताही कातडीतून आणि श्वासातून दिवसाला साधारण 600 ते 800 मिलीलिटर पाणी सोडतो. कातडीतून जाणारा भाग झोपेतही बॅगेत शिरत राहतो, आणि तो पूर्ण थांबवता येत नाही. श्वासातला भाग मात्र शंभर टक्के टाळता येतो : नाक-तोंड बॅगेच्या बाहेर ठेवा, गळ्याशी दोरी आवळा, चेहरा गार पडत असेल तर मफलर गुंडाळा. मफलर सकाळी ओला झालेला असेल, आणि ते योग्यच आहे. ती ओल बॅगेत गेली नाही.

बॅगेत उकडायला लागलं तर लगेच चेन उघडा. थंडीच्या भीतीने लोक सगळे कपडे घालून आत शिरतात, तासाभरात घामेजतात आणि पहाटे त्याच घामाने गारठतात. लेचुगियासारख्या उबदार गुहेत ओलीचं मोठं कारण हेच असतं, तिथे पातळ चादरीसारखी बॅग पुरते.

तीनपेक्षा जास्त रात्री थंड गुहेत काढायच्या असतील तर बॅगेच्या आत बाष्प न झिरपणाऱ्या कापडाचं अस्तर वापरता येतं. अंगाचं बाष्प अस्तराच्या आतच अडतं आणि भरणापर्यंत पोचत नाही. आत किंचित चिकट वाटतं, पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, म्हणून त्याची सवय घरी करा. दोन रात्रींच्या कॅम्पला त्याची गरज नाही.

जागा

नेहमीच्या गुहांत कॅम्पच्या जागा ठरलेल्या असतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ गूफ्र बेर्जे ही गुहा आहे. 1956 मध्ये हजार मीटरपेक्षा खोल गेलेली जगातली पहिली गुहा तीच. तिथे साधारण 500 मीटर खोलीवरच्या साल द त्रेझ या मोठ्या दालनात पूर्वापार कॅम्प पडतात. पण ठरलेल्या जागेतसुद्धा तुमच्या वाट्याला आलेली सहा फूट जमीन तुम्हालाच तपासायची असते.

हेडटॉर्च हातात घेऊन जमिनीलगत आडवी धरा. वाळूत किंवा मातीत छोटे गोल खळगे दिसले तर तिथे थेंब पडतात, आत्ता पडत नसले तरी. वर पाऊस झाला की काही तासांनी पडू लागतील. मग हवा बघा : टिश्यूची एक पट्टी चिमटीत धरा, ती हलली तर तिथे झोपू नका, तिथे कपडे टांगा. अगदी खोलगट जागा टाळा, गार हवा आणि पाणी दोन्ही तिथेच उतरतं.

मॅटखाली प्लॅस्टिक घालत असाल तर त्याच्या कडा मॅटच्या आत दुमडा. मॅटपेक्षा मोठं पसरलेलं प्लॅस्टिक आजूबाजूचे थेंब गोळा करतं आणि बरोबर तुमच्या कमरेखाली आणून सोडतं. कमरेखालची ओल या एका दुमडीने थांबल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. हवेच्या मॅटा आरामदायक असतात, पण खडीवर फुटतात. निदान खाली फोमची एक पातळ मॅट हवीच.

आणि पुराच्या खुणा. भिंतीवर उंच अडकलेला पालापाचोळा, फेसाचे सुकलेले डाग, स्वच्छ धुतलेला खडक दिसला तर तिथे झोपायचं नाही, मग ती वाळू कितीही कोरडी आणि सपाट असो. अबखाझियातली व्हेरियोव्किना ही 2200 मीटरहून खोल, जगातली सगळ्यात खोल ज्ञात गुहा. सप्टेंबर 2018 मध्ये तिच्या तळाकडे असलेल्या तुकडीला चढत्या पुरामुळे सामान सोडून दोरावरून वर पळावं लागलं होतं. वरच्या हवामानाचा अंदाज हासुद्धा पॅकिंगचाच भाग आहे.

स्टोव्ह, बाटली आणि इतर

गॅसचा डबा ब्यूटेन-प्रोपेनच्या मिश्रणाचा घ्या. नुसतं ब्यूटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही, आणि पाच अंशांतही ज्योत मलूल होते. मग पाणी उकळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळे ओल्या कपड्यांत कुडकुडत बसतात. ऊब टिकावी म्हणून छोट्या तंबूत किंवा फॉइलच्या आडोशात बसून स्टोव्ह पेटवायची पद्धत आहे, तिच्याबद्दल फार कडक राहा. बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही. स्टोव्ह उघड्यावर, माणसं आडोशात.

रात्री बॅगेत घ्यायची गरम पाण्याची बाटली जाड प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची असावी. झाकण लावून उलटी धरा, जोरात पिळून बघा, मग मोज्यात घाला. उठावं लागू नये म्हणून लघवीची बाटली वेगळी ठेवा, आणि अंधारात हाताला फरक कळेल अशी तिला दोरी गुंडाळा. शौचाचं सगळं परत वर न्यायचं असतं. दुहेरी पिशवी आणि त्यासाठीच ठेवलेला वेगळा ड्रम, त्यावर लाल टेप.

घड्याळं दोन न्या. सूर्य नसला की वेळेचा अंदाज विलक्षण चुकतो : फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र 1962 मध्ये आल्प्समधल्या स्कारासोनच्या गुहेत घड्याळाविना दोन महिने एकटे राहिले. 14 सप्टेंबरला त्यांना मुदत संपल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्या हिशेबाने 20 ऑगस्ट होता. तुम्ही कधी परत येणार हे वर कोणाला तरी सांगून ठेवलेलं असतं, आणि ती वेळ चुकली की तो माणूस बचावपथकाला फोन करणार असतो.

एवढं करूनही भिजलीच तर

प्रवासात पाणी शिरून बॅग चिंब झाली असेल तर तीत झोपण्याआधी ती पिळा. दोघांनी दोन टोकं धरून उलट दिशेने पिळली की बरंच पाणी निघतं. कृत्रिम भरणाची बॅग यानंतर वापरता येते. आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून त्यात कोरड्या थर्मलसह झोपा, म्हणजे बॅगेतलं पाणी तुमच्यापर्यंत येणार नाही. कपडे आणि बॅग दोन्ही ओलं असेल तर दोघांनी एका कोरड्या बॅगेखाली, एकाच मॅटवर झोपायचं, लाज बाजूला ठेवून.

कॅम्पमध्ये एकमेकांकडे लक्ष ठेवा. कोणी कुडकुडत असेल तर त्याला गोड गरम पेय, खाणं, कोरडे कपडे. कुडकुडणं थांबलं पण माणूस तरतरीत झाला नाही, जीभ जड झाली, गाठ मारता येईना, विचारलेल्याला भलतंच उत्तर देऊ लागला, तर तो बरा होत नसून आणखी गारठतो आहे. त्याला कोरडं करून माणसांच्या मध्ये घ्या, हालचाल कमीत कमी ठेवा आणि वर निरोप पाठवा. खाली मदत किती उशिरा पोचते याचा अंदाज असू द्या : 2014 मध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे 1000 मीटर खोलीवर जखमी झालेल्या योहान वेस्टहाउझर यांना बाहेर काढायला 11 दिवस आणि 700हून अधिक माणसं लागली. म्हणून दुसऱ्या सकाळी टिश्यू सगळीकडे ओला निघाला आणि पुढे अजून दोन रात्री असतील, तर त्याच दिवशी अंगात ताकद असताना वर निघा. तिसऱ्या दिवशी त्याच दोरांवरून चढायला दुप्पट वेळ लागतो.

घरी आल्यावर बॅग धुऊन पूर्ण वाळवा आणि सैल पिशवीत टांगून ठेवा, दाबून ठेवू नका. ड्रमच्या रबरी कड्या काढून धुवा. ज्या ड्राय बॅगेत पाणी शिरलं ती पाण्याने भरून उलटी धरली की भोक लगेच दिसतं. तिथे मार्करने गोल करून ठिगळ लावा, आणि पुढच्या कॅम्पआधी तिची पिंपातली परीक्षा पुन्हा घ्या.